उचलबांगडी ते अंगणवाडी: शाळेच्या पहिल्या दिवसाची गोष्ट

'उचलबांगडी' हा शब्द आज आपल्याला बातम्यांत भेटतो. एखाद्या अधिकाऱ्याची तडकाफडकी बदली झाली की त्याची उचलबांगडी झाली, असं छापून येतं. मूळ अर्थ मात्र अगदी सरळ आहे: यायला तयार नसलेल्या माणसाचे हातपाय धरून त्याला उचलून नेणं. पंतोजींच्या शाळेच्या काळात ही वेळ हमखास यायची ती शाळेला दांडी मारणाऱ्या पोरावर. पंतोजी वर्गातली चार थोराड मुलं पाठवायचे. दोघं हात धरणार, दोघं पाय, आणि मधे लोंबकळणारं, बोंबलणारं पोर. अशी ती वरात आळीतून शाळेकडे निघायची. घरचे लोक दारात उभे राहून बघायचे. शाळा म्हटली की पोर रडणार आणि रडलं तरी जाणार, यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

आज जूनमध्ये कुठल्याही प्लेग्रुपच्या किंवा नर्सरीच्या दारात उभं राहिलं, तर चार थोराड मुलं दिसत नाहीत. रंगीत भिंती दिसतात, फुगे दिसतात, 'वेलकम' लिहिलेली कमान दिसते. पण दार बंद होताना येणारा आवाज फारसा बदललेला नाही. आणि दाराबाहेर, डोळे पुसत मोबाइलकडे बघत असलेले आईबाप दिसतात. उचलबांगडी बघणाऱ्यांपेक्षा हे वेगळे आहेत, कारण यांना अपराधी वाटतंय.

या दोन चित्रांच्या मधे साधारण शंभर-दीडशे वर्षांचा इतिहास आहे. त्यातला सगळ्यात महत्त्वाचा वाद वरवर साधा वाटतो: लहान मूल पहिल्यांदा घराबाहेर जातं, तेव्हा तयारी कुणी करायची? मुलानं, आईबापांनी, की शाळेनं? या वादात एक फार मोठं उत्तर आपल्याकडून, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या एका समुद्रकाठच्या गावातून आलं. ते उत्तर आपण रोज तोंडात घोळवतो, फक्त ते उत्तर आहे हे विसरून गेलोय.

पाटी आणि मुहूर्त

जुन्या पद्धतीत शाळेची तयारी म्हणजे मुहूर्त. मूल पाच वर्षांचं झालं की अक्षरारंभ. दसऱ्याला पाटीवर एक आकड्यांची सरस्वती काढून तिची पूजा करायची, मुलाचा हात धरून धूळपाटीवर 'श्रीगणेशाय नमः' गिरवायचं, पंतोजींना दक्षिणा द्यायची, शाळेतल्या इतर पोरांना खाऊ वाटायचा. या सोहळ्यात एक शहाणपण होतंच. घरातून बाहेर पडणं हा आयुष्यातला एक टप्पा आहे, तो चार माणसांसमोर साजरा झाला पाहिजे, हे त्या समाजाला कळत होतं.

पण सोहळा एका दिवसाचा. दुसऱ्या दिवसापासून छडी. शिवाय हा सोहळा ठरावीक जातींतल्या मुलग्यांपुरता होता. मुली घरात, आणि बहुसंख्य समाजाची पोरं शेतात, गुरांमागे किंवा धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला शाळेत घालायचं, ही कल्पनाच नव्हती. त्याला सांभाळायला घर होतं: आजी, आत्या, काकू, मोठी बहीण. हे घर मोडायला लागलं, तेव्हा प्रश्न सुरू झाला.

बाळागोळी

ते आपल्याकडे सगळ्यात आधी मोडलं मुंबईच्या गिरणगावात. कोकणातून, घाटावरून आलेली कुटुंबं चाळीतल्या एका खोलीत राहायला लागली. आजी गावाकडे राहिली. आई गिरणीत, बहुतेकदा वाइंडिंग किंवा रिळांच्या खात्यात कामाला. कायद्यानं बायकांच्या कामाचा दिवस ११ तासांचा होऊ शकत होता. तेवढा वेळ तान्ह्या मुलाचं काय करायचं?

बऱ्याच आयांचं उत्तर होतं बाळागोळी. अफूची छोटीशी गोळी. ती दिली की बाळ झोपून राहायचं, रडायचं नाही, शेजारणीला त्रास द्यायचं नाही. हिंदुस्थानातल्या कामगारांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या रॉयल कमिशनचा अहवाल १९३१ साली आला. त्यात या प्रथेची दखल घेतलेली आहे आणि बायका काम करतात तिथे पाळणाघरं असावीत, अशी शिफारसही आहे.

मुलाला आईपासून दूर राहण्यासाठी 'तयार' करण्याचा हा आपल्या इतिहासातला सगळ्यात भीषण प्रकार. त्या आयांना नावं ठेवणं सोपं आहे. पण पगार बुडवणं परवडत नसलेल्या बाईपुढे दुसरा पर्याय कुणीच ठेवला नव्हता. पाळणाघराचा प्रश्न आपल्याकडे जन्मला तो असा. 'करिअर की मूल' या चर्चेतून तो आलेला नाही. पोटासाठी बाहेर पडलेल्या आईच्या गरजेतून तो आलाय.

कायदा यायला वेळ लागला. १९४८च्या कारखाने कायद्यानं पन्नासपेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर बंधनकारक केलं. १९७६ साली ही मर्यादा तीसवर आली. ज्यांना कारखान्याचं छप्परही नव्हतं, अशा बांधकाम मजूर बायकांची मुलं तरीही वाळूच्या ढिगावर झोपत राहिली. त्यांच्यासाठी मीरा महादेवन यांनी १९६९ साली दिल्लीत एका बांधकामाच्या जागेवर तंबूत पाळणाघर सुरू केलं. त्यातून 'मोबाइल क्रेशेस' ही संस्था उभी राहिली आणि १९७२ साली हे काम मुंबईत आलं. इमारत पूर्ण झाली, मजूर दुसऱ्या साइटवर गेले की पाळणाघरही त्यांच्यामागे जायचं. पाळणाघरानं मुलामागे जायचं, ही कल्पना लक्षात ठेवा. ती पुढे पुन्हा येणार आहे.

रोममधली चाळ

तिकडे युरोपात लहान मुलांच्या शाळेचा विचार आधीच सुरू झाला होता. फ्रीड्रिश फ्रोबेल या जर्मन शिक्षकानं १८३७ साली आपलं केंद्र सुरू केलं आणि १८४० साली त्याला नाव दिलं 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग. पंडिता रमाबाई अमेरिकेत गेल्या, तेव्हा त्यांनी फिलाडेल्फियात ही पद्धत मुद्दाम शिकून घेतली.

पण आपल्या गोष्टीसाठी जास्त महत्त्वाचं घर आहे ते रोममधल्या सान लोरेन्झो वस्तीतलं. ६ जानेवारी १९०७ रोजी डॉ. मारिया माँटेसरी यांनी तिथे पहिलं 'बालगृह' उघडलं. आज 'माँटेसरी' म्हटलं की डोळ्यांसमोर महागडी फी आणि गुळगुळीत लाकडी साहित्य येतं. मूळ गोष्ट अगदी उलटी आहे. सान लोरेन्झो ही गरीब कामगारांची वस्ती. तिथल्या इमारती एका कंपनीनं दुरुस्त करून भाड्यानं दिल्या होत्या. आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली लहान मुलं दिवसभर जिन्यांत हुंदडायची, भिंती खराब करायची. त्यांना कुठेतरी बसवावं, एवढाच मालकांचा हेतू होता. म्हणून त्याच इमारतीतली एक खोली दिली गेली.

आपल्या भाषेत सांगायचं तर चाळीतल्याच एका खोलीत बालवाडी निघाली. त्यामुळे एक मोठी गोष्ट आपोआप साधली: शाळा घरातच होती. आई केव्हाही डोकावू शकत होती. माँटेसरीबाईंनी पालकांसाठी नियमही केले होते. मुलांना स्वच्छ करून पाठवायचं, आणि आईनं आठवड्यातून निदान एकदा बाईंशी येऊन बोलायचं. म्हणजे पालक हा दारात मूल सोडून जाणारा ग्राहक नव्हता. तो त्या घराचा भाग होता.

भावनगरचा वकील

हा विचार आपल्याकडे रुजवला तो गिजुभाई बधेका या काठेवाडी वकिलानं. वकिली सोडून १९१६ साली ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि १९२० साली त्यांनी तिथे बालमंदिर सुरू केलं. भरघोस मिशांचा हा माणूस मुलांत इतका रमायचा, की लोक त्यांना 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई म्हणायला लागले.

गिजुभाईंनी एक गोष्ट फार लवकर ओळखली. बालमंदिरात दोन-तीन तास मुलाशी प्रेमानं वागून उपयोग नाही, जर घरी गेल्यावर त्याला रट्टे बसणार असतील तर. म्हणून ते मुलांइतकंच पालकांसाठी लिहायला लागले. आईबाप होणं अवघड आहे, अशा अर्थाच्या नावाचं त्यांचं एक गुजराती पुस्तकच आहे. शाळेच्या तयारीत आईबापांची तयारी धरली पाहिजे, हा विचार आपल्याकडे इतक्या ठामपणे मांडणारे ते पहिल्या काही जणांपैकी एक.

१९२३ साली त्यांच्या मदतीला आल्या ताराबाई मोडक. १८९२ सालचा जन्म, मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर, राजकोटच्या स्त्री अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्या राहिलेल्या. संसार मोडला होता, पदरात लहान मुलगी होती. आई एकटी, कमावती, मूल लहान: आज शहरात घरोघरी दिसणारा हा प्रश्न ताराबाई शंभर वर्षांपूर्वी स्वतः जगत होत्या. बालशिक्षणाकडे त्या निव्वळ पुस्तकातून आल्या नाहीत, हे ध्यानात ठेवायला हवं.

१९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. 'शिक्षणपत्रिका' हे मासिक निघालं; तिच्या मराठी आवृत्तीचं काम ताराबाईंनी सांभाळलं. १९३६ साली त्यांनी दादरला 'शिशुविहार' सुरू केलं. मुंबईच्या मराठी मध्यमवर्गाला लहान मुलांची शाळा ठाऊक झाली, त्यात शिशुविहारचा वाटा मोठा आहे. इथे छडी नव्हती, घोकंपट्टी नव्हती. मुलं स्वतःच्या हातानं पाणी ओतत, बटणं लावत, मणी ओवत.

पण एक गोष्ट सलत होती. ज्या माँटेसरीचा जन्म रोमच्या गरीब वस्तीत झाला, ती इथे येईपर्यंत पैसेवाल्यांची झाली होती. साहित्य महाग, शिक्षिका शहरी, मुलं सुशिक्षित घरांतली. गांधीजींचा आग्रह होता की शिक्षण गावात गेलं पाहिजे आणि गावाला परवडलं पाहिजे.

बोर्डीचं अंगण

१९४५च्या डिसेंबरात ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. तेव्हा त्या ५३ वर्षांच्या होत्या. दादरचं चांगलं चाललेलं काम सोडून समुद्रकाठच्या एका गावात नव्यानं सुरुवात. त्यांच्याबरोबर आल्या अनुताई वाघ. १९१० साली मोरगावात जन्म, तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य, मग जिद्दीनं शिक्षण आणि शिक्षिकेची नोकरी. या दोघींनी मिळून जे केलं त्याला तोड नाही.

त्या मुलखातला तो काळही समजून घ्यायला हवा. १९४५ सालीच डहाणू-उंबरगाव भागातल्या वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला होता. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात तो सगळा इतिहास आहे. पिढ्यान्‌पिढ्या जमीनदार, सावकार आणि जंगलाच्या ठेकेदारांनी नाडलेल्या या माणसांनी एक धडा पक्का शिकला होता: इस्त्रीच्या कपड्यातलं, शुद्ध बोलणारं माणूस दारात आलं, म्हणजे ते काहीतरी घ्यायलाच आलंय. अशा पाड्यात दोन पांढऱ्या साडीतल्या बाया आल्या आणि म्हणाल्या, तुमची पोरं आमच्याकडे पाठवा. कोण पाठवेल?

बालवाडी उघडली, पण वस्तीतली मुलं येईनात. कुणी गुरांमागे, कुणी धाकट्याला सांभाळायला घरी, कुणाच्या अंगावर कपडा नाही. जी येत ती नवख्या बाईंना बघून बिचकत. यावर नेहमीचं शहरी उत्तर ठरलेलं असतं: 'या लोकांना शिक्षणाचं महत्त्व नाही.' ताराबाईंनी प्रश्न उलटा फिरवला. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेनं मुलाकडे जावं. सेविका वस्तीत गेल्या आणि कुणाच्या तरी अंगणात, झाडाखाली, मुलं जिथे होती तिथेच बालवाडी भरायला लागली. अंगणात भरते ती अंगणवाडी.

या एका शब्दात केवढा विचार आहे बघा. अंगण हे धड घरही नाही आणि धड बाहेरही नाही. आई चुलीपाशी असली तरी तिचा आवाज अंगणात येतो. मूल खेळता खेळता उठून घरात जाऊ शकतं, आईला हात लावून परत येऊ शकतं. आईलाही ताई काय करतात ते दिसतं. संशय असेल तर तो बघून बघून विरघळतो. भिंत नाही, दार नाही, म्हणून दार बंद होण्याचा क्षणही नाही. मुलाला घरापासून तोडण्याऐवजी, घराची कड हळूहळू लांबवत नेण्याची ही रीत.

अंगणवाडीत आधी अक्षरं आली नाहीत. आधी आली आंघोळ. मुलांना न्हाऊ घालणं, नखं कापणं, केस विंचरणं. मग गाणी, गोष्टी, नाच. लाकडी मनोरे आणि दंडगोल परवडणारे नव्हतेच. त्यांच्या जागी समुद्रावरचे शंख-शिंपले, बिया, पानं, खडे, माती. मोजायलाही तेच, रचायलाही तेच. मुलाच्या हाताला जे आधीपासून ओळखीचं, तेच शाळेचं साहित्य झालं. ही नुसती काटकसर नव्हती. नव्या जागेत ओळखीची वस्तू हातात असणं लहान मुलाला किती धीर देतं, हे घरातली जुनी गोधडी घेऊनच झोपणाऱ्या मुलाच्या आईला विचारा.

१९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर हललं. तिथे एक नवी अडचण समोर आली. आठ-नऊ वर्षांच्या मुली शाळेत येत नव्हत्या, कारण त्यांच्या कडेवर धाकटं भावंड होतं. त्यांना 'भावाला घरी ठेवून ये' म्हणण्यात अर्थ नव्हता. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या. ही 'विकासवाडी'. धाकट्याला पाळणाघरात ठेवून ताई शेजारच्या वर्गात शिकायला बसायची. आणि गुरं राखणारी मुलं येऊ शकत नव्हती, तर शिक्षकच गुरांमागे माळावर गेले. ती 'कुरणशाळा'.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं. १९७३ साली त्या गेल्या. अनुताई १९९२ साली जाईपर्यंत कोसबाडलाच राहिल्या. त्यांचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे आत्मकथन मिळालं तर जरूर वाचा.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारनं ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. तिच्या केंद्रांना देशभर नाव मिळालं 'अंगणवाडी'. तमिळनाडूपासून आसामपर्यंत आज हाच शब्द चालतो आणि देशात तेरा-चौदा लाख अंगणवाड्या आहेत. शब्द सगळीकडे पोचला. त्यातला विचार मात्र तितकासा पोचला नाही. पोषण, लसीकरण, वजनाच्या नोंदी, रजिस्टरं यांच्या ओझ्याखाली बालशिक्षण मागे पडलं.

रडणं थांबतं तेव्हा

आता थोडं इंग्लंडला जाऊ, कारण उचलबांगडीच्या मागे असलेला एक जुना समज तिथे मोडला. समज असा: मूल दोन दिवस रडतं, मग गप्प होतं, म्हणजे रुळलं.

दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्ये ॲना फ्रॉइड यांनी मुलांसाठी निवासी केंद्रं चालवली. तिथे जेम्स रॉबर्टसन नावाचा तरुण बॉयलर सांभाळायच्या कामावर होता. त्या केंद्राचा एक नियम होता: इथे काम करणाऱ्या प्रत्येकानं, मग तो बॉयलरवाला का असेना, मुलांविषयी जे दिसेल ते लिहून ठेवायचं. रॉबर्टसन बघायला शिकले ते तिथे. पुढे त्यांनी मानसतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्याबरोबर काम केलं आणि १९५२ साली एक साधी फिल्म केली. अडीच वर्षांची लॉरा आठ दिवस हॉस्पिटलात राहते, एवढंच तिच्यात आहे. त्या काळात हॉस्पिटलं आईबापांना फार थोडा वेळ भेटू देत. आई आली की मूल रडतं, मग आईनं न आलेलंच बरं, असा हिशेब.

फिल्ममध्ये लॉरा फारशी रडत नाही. ती शहाण्यासारखी वागते. पण तिचा चेहरा हळूहळू मिटत जातो आणि आई भेटायला येते, तेव्हा ती तोंड फिरवते. रॉबर्टसन-बोल्बी यांनी या प्रवासाच्या तीन पायऱ्या सांगितल्या: आधी आकांत, मग निराशा, मग अलिप्तपणा. ज्याला सगळे 'रुळलं' म्हणत होते, ती खरं तर तिसरी पायरी होती. मुलानं हाका मारणं सोडून दिलेलं होतं. डॉक्टर मंडळी या फिल्मवर चांगलीच संतापली. पण १९५९ साली प्लॅट समितीनं आईबापांना मोकळेपणानं भेटू द्यावं अशी शिफारस केली आणि हॉस्पिटलांची दारं हळूहळू उघडली.

यातून उलटा निष्कर्षही काढला गेला. आईनं घरीच बसावं, पाळणाघर म्हणजे अन्याय, असं सांगायला बोल्बींचा आधार घेतला जाऊ लागला. पण हॉस्पिटलात आठ दिवस-रात्री एकटं राहणं आणि तीन तास बालवाडीत जाऊन घरी परतणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रॉबर्टसन पतिपत्नींनी १९६९ साली दाखवलेल्या फिल्ममधून खरा मुद्दा कळतो. सतरा महिन्यांचा जॉन नऊ दिवस एका निवासी नर्सरीत राहतो. तिथल्या बायका वाईट नाहीत, प्रेमळ आहेत. पण कामाच्या पाळ्या बदलत राहतात आणि जॉनसाठी नेमलेली अशी एक बाई कुणीच नाही. तो एकीकडून दुसरीकडे जातो, कुशीत शिरायला बघतो, आणि शेवटी मोडून पडतो. आई नसण्यापेक्षाही, आईच्या जागी कुणीही एक ठरलेलं माणूस नसणं त्याला भोवलं.

आइनगेव्योनुंग

हे कळल्यावर काय करायचं, याचं सगळ्यात पद्धतशीर उत्तर जर्मनीनं तयार केलं. नोकरीसाठी तिकडे गेलेल्या मराठी आईबापांना पहिल्यांदा हा शब्द ऐकून घाम फुटतो: आइनगेव्योनुंग. म्हणजे सवय होऊ देणं, रुळू देणं. १९८०च्या दशकात बर्लिनमध्ये घडलेली एक पद्धत आज तिथल्या असंख्य पाळणाघरांत चालते.

पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलाबरोबर आत येऊन बसतात. साधारण तासभर. त्यांनी मुलाशी खेळायचं नाही, त्याला 'जा, खेळ जा' म्हणून ढकलायचंही नाही. नुसतं कोपऱ्यात बसायचं, मुलाला लागलं तर हाताशी असायचं. एक ठरलेली ताई मुलाशी हळूहळू ओळख करून घेते. तीन दिवस मूल सोडून जायचंच नाही. चौथ्या दिवशी निरोप सांगून आई बाहेर जाते, फार तर अर्ध्या तासासाठी, आणि इमारतीतच थांबते. मग बघायचं ते एवढंच: मूल रडलं तर ताईच्या कुशीत शांत होतं का? झालं, तर वेळ वाढवत न्यायचा. नाही झालं, तर आईला लगेच बोलवायचं आणि पुढचा प्रयत्न काही दिवसांनी. कुणाला आठवडा लागतो, कुणाला तीन.

इथे निकष बदललेला आहे. मूल रडलं की नाही, हे इथे कुणी मोजत नाही. निरोप घेताना रडणं हे तर आईवर माया असल्याचं लक्षण. रडल्यावर या नव्या माणसाकडून ते समजूत काढून घेतं का, हे बघायचं. आणि आणखी एक: 'तो बघ काऊ' म्हणून मागच्या मागे सटकायचं नाही. सटकलेली आई मूल विसरत नाही. मग ते घरातही आईची पाठ सोडत नाही.

बर्लिनच्या त्या खोलीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेली आई आणि बोर्डीच्या पाड्यात चुलीपाशी बसून अंगणाकडे बघणारी आई, या दोघींत मला तरी फारसा फरक दिसत नाही.

मग आपलं काय?

आपल्याकडे शहरांत मधल्या काळात तयारीचा अर्थच बदलला. तयारी म्हणजे प्रवेशाची तयारी. अडीच-तीन वर्षांच्या मुलाला रंग, आकार, फळं, 'व्हॉट इज युअर नेम' घोकवणं आणि आईबापांनी सूट घालून मुलाखत देणं. १९९३ साली यशपाल समितीनं नर्सरीच्या प्रवेशासाठी चाचण्या आणि मुलाखती बंद करा, असं स्वच्छ सांगितलं. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यानं मुलाची किंवा पालकांची अशी चाळणी लावायला बंदी केली. तरी 'नर्सरी इंटरव्ह्यूची तयारी' शोधून बघा, अजून पानंच्या पानं सापडतील.

आणि ज्या शाळा अशी चाळणी लावत नाहीत, तिथेही पहिल्या दिवशी बरेचदा एकच नियम असतो: पालकांनी गेटच्या बाहेर थांबावं. कारण तेच, सत्तर वर्षांपूर्वीच्या हॉस्पिटलांचं. आईला बघून मूल रडतं.

तुमच्या घरात पुढच्या जूनमध्ये कुणी शाळेत जाणार असेल, तुमचं मूल, भाची, पुतण्या, तर इतिहासातून घेण्यासारखं बरंच आहे. शाळा बघायला जाल तेव्हा स्मार्टबोर्ड किती आहेत हे विचारू नका. पहिले काही दिवस आम्हाला आत बसू द्याल का, ते विचारा. माझ्या मुलासाठी ठरलेली ताई कोण, आणि ती वर्षभर राहणार का, ते विचारा. रडणाऱ्या मुलाला तुम्ही काय करता, हे विचारा, आणि उत्तर देताना समोरच्याचा चेहरा बघा. शाळा सुरू व्हायच्या आधी चार-पाच वेळा त्या रस्त्यानं चालत जा, दार दाखवा, ताईंचं नाव घरात बोलण्यात येऊ द्या. घरातली एखादी वस्तू, रुमाल, छोटी बाहुली, जुना दुपट्टा, बरोबर नेऊ देतात का बघा. रोज निरोपाची एकच रीत ठेवा, छोटी आणि खरी: मी जातेय, खाऊ खाऊन झाला की येईन. आणि त्या वेळेला या. तीन वर्षांच्या मुलाला घड्याळ कळत नाही, पण शब्द पाळला की नाही ते बरोबर कळतं.

ही यादी करणं ज्यांना परवडतं, त्यांच्यासाठी ती आहे. बाकीच्यांचं काय, याचं उत्तर आजही अंगणवाडीच्या मदतनीस ताईंकडे आहे. त्यांच्या कामाची सुरुवात केंद्र झाडून होते आणि मग त्या वस्तीत फिरून घरोघरची मुलं गोळा करून आणतात. एकाचं बोट धरलेलं, एक कडेवर, दोन मागून पळताहेत, आणि एखाद्या दारात पाच मिनिटं थांबून 'चल रे, आज उसळ आहे' अशी मनधरणी चालू आहे. मुलाच्या आईला त्या नावानं ओळखतात, काल ताप होता का हे त्यांना ठाऊक असतं. जर्मनीतल्या पाळणाघरात ज्यासाठी तीन आठवडे देतात, ती ओळख या बाईकडे आधीपासून असते.

या कामाला आपण पगार म्हणत नाही, मानधन म्हणतो. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांचे मोर्चे दर काही महिन्यांनी आझाद मैदानावर येतात, तेव्हा मागण्यांच्या फलकांवर रकमा असतात आणि आपण बातमी सरकवून पुढे जातो. पुढच्या वेळी थांबून वाचा. चार थोराड पोरांच्या जागी ही एक बाई यायला आपल्याला शंभर वर्षं लागली आहेत.